घुमटाचा अभ्यासक : रॉबर्ट फेलोज चिझम

बडोद्याच्या रेल्वे स्थानकातून बाहेर पडून शहराकडे वळणाऱ्या माणसाची नजर प्रथम जेथे खिळते, तो जुन्या बडोदे कॉलेजचा घुमट होय. १९४९ मध्ये महाराजा सयाजीराव विश्वविद्यालय स्थापन झाल्यानंतर ही वास्तू कलाशाखेची झाली. परंतु जुन्या पिढीच्या तोंडी ती ‘कॉलेज’ एवढ्याच नावाने राहिली. श्रीअरविंदांसारख्या प्राध्यापकांनी येथे अध्यापन केले. या शहरातील मराठी घराण्यांच्या कित्येक पिढ्या याच घुमटाखालून विद्या घेऊन बाहेर पडल्या. घुमट सर्वांच्या परिचयाचा आहे. तो उभारणाऱ्या वास्तुकाराचे नाव मात्र फारच थोड्यांना ठाऊक असते. रॉबर्ट फेलोज चिझम हे ते नाव. बडोद्याचे जे रूप आज आपण अभिमानाने पाहुण्यांना दाखवतो, त्याच्या घडणीत या इंग्रज गृहस्थाचा वाटा मोठा आहे. वास्तूचा अर्थ तिच्या अंगावरच्या अलंकारात असतो की ती आपला भार कसा पेलते यात असतो, हा प्रश्न त्यांच्या आयुष्यभर त्यांच्यासमोर होता, आणि म्हणूनच त्यांचे चरित्र आजही विचार करायला लावते.

चिझम यांचा जन्म १८४० साली इंग्लंडमध्ये झाला. तरुणपणीच ते हिंदुस्थानात आले आणि बंगालमध्ये सार्वजनिक बांधकाम खात्यात काम करू लागले. १८५७ च्या उठावानंतरचा तो काळ होता. कंपनीचे राज्य जाऊन राणीचे राज्य आले होते, आणि न्यायालये, कचेऱ्या, टपालघरे व विद्यालये यांची सर्वत्र आवश्यकता भासू लागली होती. हे काम बहुतांशी लष्करी व मुलकी अभियंत्यांच्या हाती होते. ठरावीक नकाशे, ठरावीक व्हरांडे, ठरावीक खांब अशा साच्यातून इमारती निघत. अशा वेळी मद्रास सरकारने प्रेसिडेन्सी कॉलेज व विद्यापीठाचे सिनेट हाउस या दोन इमारतींसाठी नकाशांची स्पर्धा जाहीर केली. बंगालमधील या तरुण अभियंत्याने ती जिंकली आणि मद्रास हेच त्यांचे कर्मक्षेत्र झाले.

प्रेसिडेन्सी कॉलेजची इमारत १८७० मध्ये वापरात आली. समुद्रकिनाऱ्यालगतची ही वास्तू इटालियन वळणाची आहे. ती पाहिली म्हणजे चिझम हिंदुस्थानात आले तेव्हा कोणती शिदोरी घेऊन आले होते, याची कल्पना येते. युरोपात जे सुंदर मानले जाई, ते येथे आणून उभे करावे, यापलीकडे त्यांची तोवरची दृष्टी गेलेली दिसत नाही. पुढच्या दहा वर्षांत ही दृष्टी पालटली.

या परिवर्तनाला दोन गोष्टी कारणीभूत झाल्या. एक म्हणजे १८६६ ते १८७२ या काळात मद्रासचे गव्हर्नर असलेले लॉर्ड नेपियर. हिंदुस्थानातील सरकारी इमारतींनी या देशातील वास्तुपरंपरेचा, विशेषतः मुसलमानी स्थापत्याचा आधार घ्यावा, असे मत त्यांनी १८७० मध्ये जाहीरपणे मांडले होते. दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची. नेपियर यांच्या आज्ञेने मदुरेच्या तिरुमल नायक राजवाड्याच्या जीर्णोद्धाराचे काम चिझम यांच्याकडे आले. सतराव्या शतकातील हा राजवाडा तेव्हा भग्नावस्थेत होता. दगडांऐवजी मुख्यतः वीट व चुना यांचा वापर, प्रचंड घेराचे खांब, त्यांवर पेललेल्या कमानी आणि वर घुमट असे त्याचे स्वरूप. हिंदू राजाने बांधलेल्या या वाड्यात मुसलमानी म्हणून ओळखली जाणारी कमान इतक्या सहजतेने नांदत होती की, कोणते अंग कोणाचे हे वेगळे करून सांगणे अवघड व्हावे.

पडक्या वास्तूची दुरुस्ती करणाऱ्याला तिच्याकडे पाहुण्याच्या नजरेने पाहता येत नाही. कोणती भिंत काढली तर काय खाली येईल, भेग येथेच का पडली, वरचे ओझे कोणत्या मार्गाने जमिनीत उतरते, हे त्याला समजून घ्यावेच लागते. मदुरेने चिझम यांना हीच विद्या दिली. चेपॉक येथील अर्काटच्या नबाबाच्या राजवाड्याला जोडून त्यांनी जे बांधकाम केले, तेही जुन्याशी मिळतेजुळते घेणारे होते. मद्रास सरकारचे सल्लागार वास्तुकार म्हणून, तसेच काही काळ तेथील औद्योगिक कलाशाळेचे प्रमुख म्हणून काम करताना देशी कारागिरांशी त्यांचा निकटचा संबंध आला.

त्याच सुमारास इंग्लंडमध्ये एक वाद रंगला होता. हिंदुस्थानात इंग्रजांनी कोणत्या शैलीत बांधावे, हा त्याचा विषय. १८७३ मध्ये लंडनच्या सोसायटी ऑफ आर्ट्ससमोर टी. रॉजर स्मिथ यांनी असे प्रतिपादन केले की, रोमन लोक जेथे गेले तेथे रोमन पद्धतीनेच बांधत राहिले. इंग्रजांनीही आपली सत्ता आपल्याच शैलीतून व्यक्त करावी. अलाहाबादच्या म्यूर कॉलेजचे वास्तुकार विल्यम एमर्सन यांनी याचा प्रतिवाद केला. या देशात आलेल्या मुसलमान राज्यकर्त्यांनी येथील कारागिरी आत्मसात केली, तोच मार्ग शहाणपणाचा आहे, असा त्यांचा आशय होता. दोन्ही पक्ष एकमेकांविरुद्ध वाटले, तरी एका बाबतीत त्यांचे ऐक्य होते. इमारत हे राज्यकर्त्याचे निवेदन आहे, हे दोघांनीही गृहीत धरले होते. त्या इमारतीत शिकणाऱ्या, न्याय मागणाऱ्या किंवा पत्र टाकायला येणाऱ्या माणसाला ती काय सांगेल, हा प्रश्न या वादात फारसा नव्हता.

चिझम यांचे या काळातील काम पाहता त्यांनी वादापेक्षा प्रयोगावर भर दिल्याचे दिसते. १८७९ मध्ये पूर्ण झालेल्या मद्रासच्या सिनेट हाउसमध्ये बायझंटाइन व मुसलमानी अंगांचा मेळ आहे. १८८० मध्ये पूर्ण झालेले त्रिवेंद्रमचे नेपियर म्युझियम तर मद्रासहून सर्वस्वी वेगळे. तेथे केरळच्या पावसाला साजेशी उंच, उतरती छपरे आणि आत वारा खेळता ठेवणारी रचना आढळते. प्रांत बदलला की हवा बदलते, हवा बदलली की छप्पर बदलते, आणि छप्पर बदलले की त्याला उचलून धरणारी सगळी मांडणीच बदलते, हा साधा परंतु मूलभूत धडा त्यात आहे. ‘हिंदी शैली’ अशी कोणतीही एक वस्तू नाही, हे या वास्तूंनी न बोलता सिद्ध केले.

चिझम यांच्या बडोद्यातील कार्याचे मर्म कळण्यासाठी बांधकामाच्या दोन मूळ पद्धतींची ओळख करून घेणे इष्ट होईल. पहिली पद्धत खांब आणि तुळई यांची. दोन उभ्या आधारांवर एक आडवा दगड किंवा लाकूड ठेवले की त्याचा भार सरळ खाली उतरतो. आपली बहुतेक जुनी देवळे याच तत्त्वावर उभी आहेत. मोठी जागा झाकायची असेल तर दगडांचे थर क्रमाक्रमाने पुढे सरकवीत वर मिटवीत न्यायचे. ही पद्धत शांत आहे, टिकाऊ आहे. परंतु दगडाची तुळई फार लांब करता येत नाही, कारण मधोमध ती मोडते. म्हणून मंडप मोठा करायचा तर खांब वाढवावे लागतात.

दुसरी पद्धत कमानीची. येथे पाचरीच्या आकाराचे दगड किंवा विटा एकमेकींना दाबून धरतात. लाकडी कालबुतावर कमान रचायची आणि चुना घट्ट झाला की कालबूत काढून घ्यायचे. कमान मोठे अंतर सहज ओलांडते; मात्र ती आपला भार केवळ खाली देत नाही, बाजूंनाही रेटते. हा रेटा दिवसरात्र चालू असतो. त्याला तोंड देण्यासाठी जाड भिंत, भक्कम खांब किंवा शेजारची दुसरी कमान लागते. घुमट म्हणजे चारी दिशांना फिरवलेली कमानच. त्यामुळे त्याचा रेटाही चारी दिशांना. त्यात आणखी एक अडचण अशी की, दालन असते चौकोनी आणि घुमट असतो गोल. चौकोनावर वर्तुळ बसवायचे कसे, हा प्रश्न जगातील प्रत्येक घुमट बांधणाऱ्या परंपरेला सोडवावा लागला आहे.

विजापूरच्या गवंड्यांनी हा प्रश्न ज्या रीतीने सोडवला, तिला तोड नाही. महंमद आदिलशहाची कबर असलेल्या गोलघुमटाचे दालन सुमारे ४१ मीटर बाजूचे चौकोनी आहे आणि घुमटाचा आतील व्यास सुमारे ३८ मीटर आहे. एवढ्या मोठ्या जागेत मध्ये एकही खांब नाही. येथे एकमेकींना छेदणाऱ्या आठ कमानी अशा रचल्या आहेत की, त्यांच्या पायांतून दोन चौकोन एकमेकांवर तिरके ठेवल्याची आकृती तयार होते. कमानी वर चढत एकमेकींत गुंततात, कोपऱ्यांतून पुढे झुकत येतात आणि चौकोनाचे वर्तुळ करून देतात. या झुकलेल्या भागाचे प्रचंड वजन आतल्या बाजूला कलते, तर घुमटाचा रेटा बाहेर जाऊ पाहतो. दोन विरुद्ध ओढी एकमेकींना आवरतात. जेम्स फर्ग्युसन यांनी मेडोज टेलर यांच्यासह १८६६ मध्ये विजापूरच्या वास्तूंवर ग्रंथ प्रसिद्ध केला. गोलघुमटाच्या रचनेची ही उपपत्ती फर्ग्युसन यांनीच युरोपीय अभ्यासकांपुढे ठेवली होती. चिझम यांनी ती प्रत्यक्ष वापरण्याचे धैर्य दाखवले.

ही संधी त्यांना बडोद्याने दिली. १८७५ मध्ये मल्हारराव गायकवाड पदच्युत झाले आणि महाराणी जमनाबाईंनी नाशिक जिल्ह्यातील कवळाण्याच्या एका बालकास दत्तक घेतले. तेच सयाजीराव महाराज. त्यांच्या अल्पवयात दिवाण म्हणून कारभार पाहणारे सर टी. माधवराव हे तंजावरकडील मराठी घराण्यातले, आणि पूर्वी त्रावणकोरचे दिवाण राहिलेले. राज्याची घडी नव्याने बसवली जात होती. १८७९ मध्ये कॉलेजच्या इमारतीची पायाभरणी झाली आणि १८८१ मध्ये बडोदे कॉलेज सुरू झाले. इमारतीच्या मध्यवर्ती घुमटासाठी चिझम यांनी लंडनच्या सेंट पॉलकडे किंवा रोमकडे पाहिले नाही. ते विजापूरकडे वळले. १८८२-८३ मध्ये लंडनच्या वास्तुविशारदांच्या राजमान्य संस्थेपुढे त्यांनी या कॉलेजविषयी जो निबंध सादर केला, त्यात शैलीचा विचार आणि हिंदुस्थानातील घुमटबांधणीचा विचार एकत्र गुंफलेला होता. हे एकत्र येणे अर्थपूर्ण आहे. घुमट हा त्यांच्या लेखी टोपीसारखा वर चढवायचा अलंकार नव्हता. तो एका बांधकामशास्त्राचा निष्कर्ष होता आणि ते शास्त्र या भूमीत घडलेले होते. विजापुरात जे ज्ञान राजाच्या कबरीसाठी वापरले गेले, ते बडोद्यात विद्यार्थ्यांच्या सभागृहासाठी वापरले जावे, यात त्या ज्ञानाचा एक प्रकारे नवा जन्मच झाला.

याच वर्षांत बडोद्यात एक दुःखद घटना घडून गेली होती. लक्ष्मी विलास राजवाड्याचे मूळ वास्तुकार मेजर चार्ल्स मँट. कोल्हापूरचा टाऊन हॉल व नवा राजवाडा यांमुळे मराठी वाचकांना त्यांचे काम परिचित आहे. अजमेरचे मेयो कॉलेज हीदेखील त्यांचीच कृती. एकाच वेळी अनेक संस्थानांतील प्रचंड इमारतींची जबाबदारी त्यांच्या शिरावर होती. १८८१ मध्ये, वयाच्या चाळिशीच्या आरंभीच, त्यांचे निधन झाले. आपल्या गणितात चूक झाली असून आपण उभारलेले राजवाडे कोसळणार, या भयाने त्यांच्या मनाचा तोल गेला होता, असे सांगितले जाते. या आख्यायिकेत तथ्य किती हे बाजूला ठेवले, तरी तिने वास्तुकाराच्या जीवनातील मूळ चिंतेवर नेमके बोट ठेवले आहे. कवीची ओळ चुकली तर ती खोडता येते. वास्तुकाराची चूक माणसांच्या डोक्यावर उभी असते.

मँट यांचे राजवाडे कोसळले नाहीत. परंतु अर्धवट राहिलेले हे काम, आणि त्याभोवती दाटलेले शंकेचे सावट, चिझम यांच्याकडे आले. दुसऱ्याने आखलेल्या वास्तूचा भार आपल्या खांद्यावर घेणे हे नव्या वास्तूपेक्षा कठीण. श्रेय पहिल्याचे राहते आणि दोष दुसऱ्याच्या वाट्याला येतो. चिझम यांनी ते स्वीकारले आणि १८९० मध्ये राजवाडा पूर्ण झाला. सयाजीराव महाराजांच्या प्रथम पत्नी, तंजावरच्या लक्ष्मीबाई, म्हणजेच महाराणी चिमणाबाई, यांच्या नावावरून त्याचे नाव ठेवले गेले. वास्तू पूर्ण झालेली पाहणे त्यांच्या नशिबी नव्हते. १८८५ मध्येच त्यांचे निधन झाले होते.

लक्ष्मी विलासची मांडणी ही एक स्वतंत्र भाषा आहे. दरबाराचा सार्वजनिक भाग, महाराजांचे निवासस्थान आणि राणीवसा असे तीन भाग बाहेरूनच ओळखू यावेत, अशी योजना आहे. भरतपूर व डीग येथील राजवाड्यांची हिंदू लढाऊ शैली, आग्र्याकडील मोगल घुमट व छत्र्या आणि गुजरातच्या जैन मंदिरांची घडण यांचे अंश एका रांगेत येतात. आत व्हेनिसच्या कारागिरीची फरसबंदी, रंगीत काचा आणि राजा रविवर्म्याची चित्रे. चिझम यांनी १८९६ मध्ये या राजवाड्यावरही लंडनमध्ये निबंध वाचला. टीकाकारांनी या शैलीला पुष्कळदा जमवाजमव म्हटले आहे, आणि त्यात थोडे सत्य आहे. येथील अनेक घुमट व छत्र्या भार पेलण्यासाठी नाहीत. त्या वैभवाची खूण म्हणून आहेत. म्हणूनच कॉलेज आणि राजवाडा या दोन वास्तू शेजारी ठेवून पाहाव्यात. राजवाड्यात अर्थ मुख्यतः बाहेरच्या रूपातून बोलतो. कॉलेजात तो रचनेतूनच उमटतो. पहिली पद्धत मँट यांच्या आखणीतून आली होती, दुसरी चिझम यांच्या अभ्यासातून.

पुढील वर्षांत बडोद्याच्या वास्तुवैभवात भर पडतच गेली. मँट यांच्या नावाबरोबर चिझम यांचे नाव ज्याच्याशी जोडले जाते, ते संग्रहालय १८९४ मध्ये पूर्ण झाले. १८९६ मध्ये खुले झालेले न्यायमंदिर मुळात भाजीबाजारासाठी बांधले जात होते, असे सांगतात. पुढे तेथे अनेक दशके न्यायदान झाले. त्याची बायझंटाइन वळणाची रचना पाहता हा हेतूबदल कसा साधला असेल याचे नवल वाटत नाही. मोठे, उंच, उजेडाचे दालन ग्राहकांना जसे सामावून घेते तसेच पक्षकारांनाही. उत्तम रचना एकाच उपयोगाची बांधील नसते.

चिझम यांचे मूल्यमापन करताना त्यांच्या मर्यादाही सांगितल्या पाहिजेत. ते साम्राज्याचे सेवक होते. येथील परंपरेतले काय निवडावे आणि काय वगळावे हे ठरवण्याचा अधिकार त्या काळी त्यांच्यासारख्यांच्याच हाती होता. येथील लोकांना कोणी विचारले नव्हते. हिंदू, मुसलमानी, जैन अशी शैलींची धर्मवार वाटणी इंग्रज अभ्यासकांनी रूढ केली आणि चिझमही तिच्यातून पूर्णपणे सुटले नाहीत, जरी मदुरेचा अनुभव त्या वाटणीविरुद्ध साक्ष देत होता. सर्वांत मोठी उणीव म्हणजे ज्या गवंड्यांनी, पाथरवटांनी व सुतारांनी हे घुमट प्रत्यक्ष उभारले, त्यांची नावे इतिहासात उरली नाहीत. लंडनमध्ये निबंध वाचला गेला तो वास्तुकाराच्या नावाने; कालबूत उतरवताना ज्याचा श्वास रोखला गेला असेल, त्या मिस्त्रीचे नाव कोणत्याही संगमरवरी पाटीवर नाही.

तरीही एक गोष्ट चिझम यांच्या खात्यावर जमा करावीच लागेल. परक्या देशात येऊन शिकवण्याचा अधिकार ज्याला सत्तेने दिला होता, तो येथे शिकायला बसला. पडक्या राजवाड्याकडून, केरळच्या छपराकडून, विजापूरच्या घुमटाकडून त्याने घेतले, आणि घेतल्याचे आपल्या देशबांधवांच्या सभेत मान्य केले.

विसाव्या शतकाच्या आरंभी चिझम इंग्लंडला परतले. लंडनमधील स्लोन टेरेस येथे ख्रिश्चन सायन्स पंथासाठी त्यांनी बायझंटाइन वळणाचे मोठे प्रार्थनामंदिर बांधले. ते १९०७ मध्ये खुले झाले. २००४ पासून तेथे कॅडोगन हॉल या नावाने संगीतसभागृह आहे. १९१५ मध्ये चिझम यांचा मृत्यू झाला. मद्रासच्या किनाऱ्यावर, त्रिवेंद्रमच्या टेकडीवर, बडोद्याच्या रस्त्यांवर आणि लंडनच्या एका गल्लीत त्यांचे काम विखुरले आहे. त्यांचे नाव मात्र वास्तूंच्या सावलीत हळूहळू पुसट होत गेले.

वास्तू कोणाची, हा प्रश्न अखेर बांधणाऱ्यावर थांबत नाही. बडोदे कॉलेजचा घुमट विजापूरच्या आदिलशाही गवंड्यांच्या विद्येतून स्फुरला, एका इंग्रजाने आखला, एका मराठी राजाच्या राज्यात गुजरातच्या मातीवर उभा राहिला, आणि सर्व जातिधर्मांच्या विद्यार्थ्यांच्या डोक्यावर सावली धरून राहिला. गोलघुमटाच्या आठ कमानींप्रमाणे या साऱ्या ओढी वेगवेगळ्या दिशांच्या आहेत. त्या एकमेकींना आवरून धरतात, म्हणूनच तो घुमट उभा आहे. त्याखालून जाताना क्षणभर मान वर करून पाहिले, तर चिझम यांचे आणि त्यांच्या अनाम सहकाऱ्यांचे ऋण अंशतः तरी फिटेल.